वडिलार्जित वाड्याची किंमत

लहान गांवांतील घर विकावयाचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा, आणि पहिला मतभेदही तेथेंच होतो. मुंबईपुण्यास स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत हा प्रश्न आज निघत आहे. कारण घर गांवीं आहे आणि वारस मात्र चार ठिकाणीं पांगले आहेत. प्रश्नाचें स्वरूप ध्यानांत यावें म्हणून वाईचें उदाहरण घेणें सोयीचें होईल.

वाई हें कृष्णेच्या कांठचें जुनें गांव. पुणें-सातारा महामार्ग सोडून सुरूर फाट्याशीं वळलें कीं वाई, आणि पसरणीचा घाट चढलें कीं पांचगणी. गंगापुरी, मधली आळी, ब्राह्मणशाही अशा भागांतून ओटी, चौक, माजघर असलेले जुने वाडे अजून दिसतात. असा वाडा पाहण्यास आलेलें गिऱ्हाईक सागवानी खांबांची तारीफ करतें खरें, पण मनांत मोजतें तें जागेची लांबीरुंदी. बांधकाम वर्षागणिक झिजतें व त्याची किंमत उतरते. वाढते ती जमिनीची. त्यांतही बोळ अरुंद असला, दारापर्यंत गाडी जात नसली, तर गांवाबाहेरचा मोकळा भूखंड त्यास अधिक पसंत पडतो.

एकाच वाड्याच्या वस्तुतः तीन किंमती असतात. पहिली सरकारी. बाजारमूल्य दरांचा वार्षिक तक्ता, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, त्यावरून ती निघते. खरेदीखतांतील रक्कम आणि या तक्त्यावरून निघणारें मूल्य, यांत जें अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क द्यावें लागतें. तेव्हां हा आंकडा शुल्कासाठीं आहे. तेवढे पैसे देणारा कोणी भेटेलच अशी हमी त्यांत नाहीं. दुसरी किंमत दलालाच्या तोंडची. ती बहुधा शेजारच्या एखाद्या व्यवहारावरून सांगितलेली असते. मोठ्या शहरांत व्यवहार पुष्कळ होतात, म्हणून सरासरीस अर्थ असतो. लहान गांवांत एका आळींत वर्षांतून एखादाच व्यवहार होतो, आणि बाहेरून आलेल्या एका हौशी धनिकानें दिलेला भाव साऱ्या आळीचा भाव ठरत नाहीं.

तिसरी किंमत प्रत्यक्ष हातीं येणारी. ती ठरते कागदांवर आणि एकोप्यावर. समजा, मिळकत पत्रिकेवर नांव अजून आजोबांचेंच आहे; त्यांचीं मुलें पांच, आणि आज वारस चौदा. वाड्यांत राहतो एकच पुतण्या. पुढच्या खोल्यांत जुना भाडेकरू आहे. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जेथें लागू आहे तेथें भाडें वर्षास चार टक्क्यांनीं वाढवितां येतें, पण कारणावांचून भाडेकरूस काढतां येत नाहीं. अशा वाड्यास गिऱ्हाईक पुरा भाव देत नाहीं. तो कमी करतो ती रक्कम म्हणजे पुढच्या कोर्टकचेरीची आगाऊ वसुलीच होय.

मुलींच्या वांट्याचाही विचार येथें अवश्य आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें, कुटुंबाच्या राहत्या घराचें वाटप पुरुष वारसांनीं केल्याखेरीज मुलीस मागतां येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हें बंधन गेलें. तरीही ‘बहिणी कांहीं मागणार नाहींत’ असें गृहीत धरून बोलणीं केलीं जातात, आणि तींच पुढें मोडतात. बहीण खरोखरच हक्क सोडणार असेल, तर हक्कसोडपत्र लिहून तें नोंदविलें पाहिजे. तोंडचा शब्द सौदा पुरा करीत नाहीं.

कधीं एखादा वारस घाईनें आपला हिस्सा परक्यास विकतो. कायद्यानें त्याची सोय पूर्वींच केली आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा घेणाऱ्या परक्यास, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, कुटुंबाबरोबर घरांत राहण्याचा हक्क मिळत नाहीं. त्यानें वाटपाचा दावा केलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणें कोर्टानें ठरविलेल्या मूल्यास तो हिस्सा कुटुंबांतील हिस्सेदारास विकत घेतां येतो. पण हक्क असला तरी पैसे जवळ असावे लागतात, आणि दावा चालेपर्यंत छप्पर थांबत नाहीं.

राहतां राहिला तो पुतण्या. दर पावसाळ्यापूर्वीं त्यानें कौलें चाळून घेतलीं, घरपट्टी भरली, आजीचें दुखणें काढलें. मालकीच्या हिशेबांत त्याचा वांटा इतरांएवढाच, किंवा त्याहूनही लहान. वाडा विकला म्हणजे इतर तेरा जणांच्या हातीं रक्कम पडते. त्याच्या हातीं रक्कम पडते आणि डोक्यावरचें छप्पर जातें. त्याच्या पावत्यांचा हिशेब आधीं मांडावा, विक्रीनंतर त्यानें कोठें राहावें हें आधीं ठरवावें, आणि मगच दलालास बोलवावें.

हें सारें वडील मंडळी हयात असतांना झालें तर सोपें जातें. वारसांची नोंद करणें, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र करून ठेवणें, यांस वाड्याच्या किंमतीच्या मानानें खर्च थोडा येतो. ज्या घरांत ही तजवीज झाली, तेथें वाडा विकला गेला तरी भावंडें दिवाळीस एकत्र जेवतात. आणि पुष्कळदां असेंही होतें कीं, सर्वांचा हिशेब स्वच्छ झाल्यावर वाडा विकण्याची निकड कोणासच उरत नाहीं.