रोज चार मिनिटे मागे

घड्याळांच्या कारागीर मित्रहो,

 

‘पहिल्या घड्याळापासून अणुघड्याळापर्यंत’ हा विषय मला दिला आहे. लग्नमुहूर्तासाठी पाण्यावर सोडलेलं घटिकापात्र चोवीस मिनिटांनी बुडायचं, तिथून सुरुवात करावी असं ठरवलं होतं. १६५६ मध्ये हायगेन्सने घड्याळाला लंबक जोडला आणि दिवसाला पाव तास चुकणारी यंत्रं काही सेकंदांवर आली. पण टिपणं काढताना समुद्रावर चालणारी घड्याळं घडवणाऱ्या हॅरिसनपाशी मी थांबलो. आज तिथून पुढे जाण्याची घाई मला नाही.

१७६१ साली त्याचं चौथं घड्याळ जहाजावरून जमैकाला निघालं. पोहोचल्यावर ते फक्त पाच सेकंद मागे होतं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते पाच सेकंद काढले कसे? घड्याळाची रोजची चाल आधीच टिपून ठेवली होती. तेवढी चूक वजा केल्यावर पाच उरले. घड्याळ रोजच चुकत होतं, पण ठरल्या मापाने चुकत होतं. चांगलं घड्याळ म्हणतात ते हेच.

संमेलनातल्या कालच्या चर्चेत तरुण सहकारी म्हणाले, मनोऱ्यांवरची यंत्रं आता वेळ पाळत नाहीत, ती काढून क्वार्ट्झ बसवा. त्यांना एकच गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये एका संस्थेने मला बोलावलं. मनोऱ्याचं घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडत होतं. पहारेकऱ्याने वहीत नोंद ठेवली होती. महिनाभर रोज चारच, ना साडेतीन, ना साडेचार. इतकं निरोगी यंत्र मी क्वचित पाहिलं! लंबक मीटरभर लांबीचा. खालचा नट फिरवून गोळा साडेपाच मिलिमीटर वर घ्यायचा, एवढंच काम. हत्यारं घेऊन दोन दिवसांनी परत गेलो, तर तुळईवर बोल्टांची चार भोकं. यंत्र किलोच्या भावाने भंगारात गेलं होतं. गोळा तेवढा मी भंगारवाल्याकडून सोडवून आणला. आजही तो माझ्या दुकानात आहे.

आणि अणुघड्याळाचा दाखला मला देऊ नका. एसेन आणि पॅरी यांनी १९५५ मध्ये टेडिंग्टनला सीझियमचं घड्याळ चालवलं, १९६७ मध्ये सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा सेकंद ठरला. पण अशा घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचाच स्फटिक असतो. त्याची चाल सरकते. सीझियमचे अणू त्याची चूक दाखवतात आणि त्याला पुन्हा जागेवर आणलं जातं, क्षणोक्षणी. आपण नट फिरवतो, तिथे तेच विजेने होतं. इतकं अचूक यंत्रही चूक मोजून, दुरुस्त करत चालतं, आणि आपण मात्र चार मिनिटांसाठी शंभर वर्षांचं पोलाद वितळवतो. हे मला सहन होत नाही. तीस वर्षं झालेलं नाही.

म्हणूनच मनोऱ्यांच्या घड्याळांची यादी करायची आहे. चावी कोण देतं, सुटे भाग कोण घडवू शकतं, तेही लिहावं लागेल. कसं, ते बसून ठरवू. तूर्त दाराशी एक वही ठेवली आहे. तुमच्या गावात यंत्र शिल्लक असेल तर जाताना गावाचं नाव लिहा, आणि रोज किती मागे पडतं तेही.