पॉइंट तीन मिनिटं



कर्करोगाच्या रुग्णाला शेक किती द्यायचा, हे डॉक्टर ‘ग्रे’ या एककात ठरवतात. पण कोबाल्टच्या यंत्राला ग्रे कळत नाही, त्याला कळते फक्त वेळ. आतला किरणोत्सारी स्रोत सारखा किरण टाकतच असतो. ठरल्या वेळेपुरती वाट उघडायची आणि बंद करायची, एवढंच यंत्राचं काम. म्हणजे ग्रेची मिनिटं करण्याचा हिशेब माणसालाच मांडावा लागतो.

कोस्टा रिकाची राजधानी सान होसे. तिथल्या सान हुआन दे दिओस रुग्णालयात 22 ऑगस्ट 1996 रोजी यंत्रात कोबाल्ट-60चा नवा स्रोत बसवला. त्याची ताकद मोजायला किरण सोडले 0.3 मिनिट, म्हणजे 18 सेकंद. हिशेबात मात्र धरले गेले 30 सेकंद. जेवढे किरण 18 सेकंदांत आले, ते 30 सेकंदांत आले असं मानल्यावर स्रोत आहे त्यापेक्षा कमजोर वाटला आणि प्रत्येकाची शेकाची वेळ वाढली. सप्टेंबरअखेर चूक ध्यानात येईपर्यंत 115 रुग्णांना जादा मात्रा गेली होती, ठरल्यापेक्षा सुमारे 50 ते 60 टक्के जास्त. काहींचा त्यात जीव गेला.

यंत्र ठणठणीत होतं. चूक एका आकड्याची, पण ती प्रत्येक रुग्णाच्या कागदावर उतरली. आणि शेक घेताना दुखत नाही, भाजत नाही. कातडी सोलवटते, जुलाब लागतात ते पुढे काही दिवसांनी, आठवड्यांनी. तोवर निम्मे शेक होऊन गेलेले असतात.

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरात 1974 ते 1976 दरम्यान असंच घडलं. कोबाल्ट दरमहा साधारण एक टक्क्याने क्षीण होतो, म्हणून शेकाची वेळ थोडी थोडी वाढवावी लागते. तिथे आलेखावर ही उतरंड खऱ्याहून वेगाने खाली नेली गेली. कागदावरचा स्रोत दुबळा होत गेला, खरा तितका झालाच नव्हता. जवळपास दोन वर्षं प्रत्यक्ष मोजणीच झाली नाही आणि चारशेहून जास्त रुग्णांना जादा शेक मिळाला.

यावरचा उपाय महागडा नाही. आपलीच बेरीज आपणच पुन्हा केली, तर विसरलेला हातचा पुन्हा विसरतो. म्हणून नवा स्रोत बसला की दुसऱ्या भौतिकतज्ज्ञाने, पहिल्याची वही न पाहता, वेगळ्या उपकरणाने मोजावं, वेगळा हिशेब करावा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. ते जुळेपर्यंत पहिला रुग्ण टेबलावर घेऊ नये. बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टरांवर दडपण असतं, हे खरं. पण रुग्णांचा एक दिवस वाया गेला तर तो भरून काढता येतो; शरीरात गेलेला जादा शेक परत काढता येत नाही.