आधी खण ओळखा

गोव्यात पेडण्यातल्या मोपा विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी विमाने उडू लागली. तिकडे डिचोलीतल्या जमीनमालकाला एक-चौदाचा उतारा ऑनलाइन मिळतो. अशा प्रत्येक सेवेमागे कुठेतरी सर्व्हरचे कपाट असते, आणि त्यातली एखादी डिस्क कधीतरी बिघडतेच.

तरी काम थांबत नाही. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये मांडलेल्या ‘रेड’ पद्धतीत माहिती अनेक डिस्कवर विभागलेली असते. रेड-5 एक डिस्क गेलेली सोसते, रेड-6 दोन.

खरा धोका डिस्क बदलतानाच्या घाईचा. बिघडलेली सोडून शेजारची धडधाकट डिस्क ओढली, की रेड-5 कोसळलेच! म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी बॅकअप ताजा आहे ना ते पाहतो, डिस्क बसते त्या खणाचा दिवा आणि डिस्कचा अनुक्रमांक ताडून घेतो, स्थिर विजेपासून वाचवणारा पट्टा मनगटाला बांधतो. डिस्क किंचित बाहेर ओढून तो अर्धा मिनिट थांबतो. आतल्या तबकड्या फिरायच्या थांबायला हव्यात. नवी डिस्क त्याच प्रकारची, निदान तेवढ्याच क्षमतेची.

मग पुनर्बांधणी. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात, आणि तोवर रेड-5 ला दुसरा धक्का सोसत नाही. पावसाळ्यात वीज जाते तिथे यूपीएसची बॅटरी तपासूनच हे काम काढावे. जुनी डिस्क मात्र तशीच भंगारात जाता कामा नये. तिच्यावरची माहिती अनेकदा वाचता येते.