फिरत्या प्रदर्शनाने घरची भाषा बोलावी
(आहार व व्यायामविषयक फिरत्या प्रदर्शनासंबंधी पूर्णा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव. परभणीहून नांदेडकडे जाणारा लोहमार्ग आणि हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारा लोहमार्ग येथे एकत्र येतात. फलाटावर घटकाभर उभे राहिले तर मराठी, दखनी उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा सहज कानी पडतात. अशा गावी कुटुंबांसाठी आहार आणि व्यायाम यांविषयीचे फिरते प्रदर्शन आणावयाचे झाल्यास ते कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न आरंभीच सोडवावा लागेल. आज त्याच प्रश्नाविषयी मला बोलावयाचे आहे.

फिरत्या प्रदर्शनाची कल्पना आपल्याला नवी नाही. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ साली विज्ञानाचे फिरते प्रदर्शन सुरू केले. २००७ साली निघालेली ‘सायन्स एक्सप्रेस’ ही आगगाडी पुढील दहा वर्षे डब्यांत प्रदर्शन मांडून देशभर हिंडली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली आपले संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले. ज्यांना संग्रहालयापर्यंत जाणे परवडत नाही, त्यांच्यापर्यंत संग्रहालयाने जावे, हे या सर्व उपक्रमांमागील तत्त्व आहे. आहारासारख्या रोजच्या विषयाला तर ते अधिकच लागू पडते.

या विषयाची निकड किती आहे ते पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; आणि त्याच वयोगटातील २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. म्हणजे उणीव आणि अतिरेक हे दोन्ही दोष एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदत आहेत. म्हणून ‘अधिक खा’ किंवा ‘कमी खा’ एवढे सांगून भागणार नाही. काय खावे, कशासोबत खावे आणि शरीर किती हलवावे, हे दाखवावे लागेल.

आता भाषेकडे वळू. प्रदर्शनाचे फलक मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत असावेत. एक भाषा ठळक आणि दुसरी कोपऱ्यात बारीक असली की दुसऱ्या घरच्या माणसाला आपण येथे पाहुणे आहोत असे वाटते. शिवाय शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणे पुरेसे नाही. आपली ज्वारी दखनी घरात ‘जवारी’ होते, अंबाडीच्या भाजीला तेथे ‘अंबाडे की भाजी’ म्हणतात. चुलीजवळ जो शब्द चालतो तोच फलकावर हवा. आणि ज्या आजीबाईंना कोणतीच लिपी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी फलकाजवळ बोलणारे माणूस हवे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अंगणवाडी सेविका हेच काम घरोघरी करीत आल्या आहेत. ती जागा त्यांचीच आहे.

फलकांपेक्षा वस्तूंवर अधिक भर असावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. हे आकडे लिहून ठेवण्याऐवजी तराजू ठेवावा आणि घरच्यांना स्वतः तोलू द्यावे. भाज्यांचे पारडे पाहून बहुतेकांना नवल वाटेल. शेजारी ३०० मिलिलिटर गोड शीतपेयाची बाटली आणि तिच्यातील सुमारे ३० ग्रॅम साखर वाटीत काढून ठेवावी. ज्वारीच्या प्रथिनात जे घटक कमी पडतात ते डाळ भरून काढते. पालेभाजीतील लोह लिंबू पिळल्याने अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्याने कमी शोषले जाते. या गोष्टी चित्रांनी सांगता येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली प्रसारित केलेले लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाणही तेथे मांडावे. आपल्याच मातीतले धान्य पाहून शेतकऱ्याला विषय परका वाटणार नाही.

व्यायामाला तर भाषा फारशी लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शाळकरी मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल असे खेळावे. प्रदर्शनाबाहेर चुन्याने लंगडीचे अंगण आखावे, लगोरी मांडावी, फुगडीला जागा ठेवावी. आईबाप आणि आजीआजोबा मुलांबरोबर खेळले तर पुढचा उपदेश करावा लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत फीत मांडताना गर्दीसमोर कोणाच्याही मुलाला मोजू नये. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा असतो. पण तो इशारा आईला एकांतात, औषधोपचाराच्या वाटेसह मिळाला पाहिजे. चारचौघांत लाजवलेली आई पुन्हा अंगणवाडीकडे फिरकत नाही, आणि मग नुकसान होते ते त्या बालकाचे.

बस एक दिवस थांबून पुढच्या गावी जाईल. मागे काय उरेल, हे आपल्या हाती आहे. शिक्षकांनी आदल्या आठवड्यात मुलांकडून घरातील भाज्यांची नावे दोन्ही भाषांत गोळा करून घ्यावीत. पंचायतीने तराजू आणि चित्रे गावात ठेवून घ्यावीत, आणि खेळाचे अंगण मोकळे राखावे. अधिकाऱ्यांनी किती माणसे आली एवढेच न मोजता, महिन्याभराने किती घरांच्या ताटात पालेभाजी आणि डाळ वाढली याची विचारपूस करावी. सप्टेंबरचा पोषण महिना २०१८ पासून साजरा होत आहे. या कामाला तोच मुहूर्त उत्तम ठरेल.