दूरध्वनीवरील वैद्य

रोग्याच्या उशाशीं बसून नाडी पाहणारा वैद्य, हें चित्र महाराष्ट्रांतील प्रत्येक घरास परिचित आहे. वैद्य एका गांवीं, रोगी दुसऱ्या गांवीं आणि दोघांमधील सारा व्यवहार तळहातावरच्या मोबाईल फोनवरून चाललेला, हें दुसरें चित्र मात्र अलीकडचें आहे. त्यावर कितपत विसंबावें, हा प्रश्न आतां कोणत्याच कुटुंबास टाळतां येण्यासारखा राहिलेला नाहीं.

कल्पना तशी नवी नव्हे. १९०५ सालीं हॉलंडमधील लायडन येथें आइंथोव्हेन या शास्त्रज्ञानें रुग्णालयांतील रोग्यांच्या हृदयाचे विद्युत्प्रवाह टेलिफोनच्या तारेनें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत आणले व तेथें त्यांचा आलेख काढला. कारण त्याचें अवजड यंत्र रोग्यापर्यंत नेतां येत नव्हतें. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांत १९२९ पासून पायानें फिरवावयाच्या जनित्रावर चालणारे बिनतारी संच एकाकी वस्त्यांवर बसूं लागले. पुढें तेथें औषधांच्या पेट्या ठेवण्यांत आल्या व प्रत्येक औषधास क्रमांक दिला गेला. दूरचा डॉक्टर आंकडा सांगे आणि घरची बाई तेवढें औषध काढून देई. १९३५ सालीं रोम येथें ग्विदो ग्विदा यांनीं भर समुद्रांतील जहाजांना बिनतारी संदेशानें सल्ला देणारें केंद्र स्थापिलें.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें मराठवाड्याचें वैद्यकीय केंद्र आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास सारा मुलूख ‘घाटी’ या नांवानें ओळखतो. जालना, बीड, परभणीकडील रोगीही तेथेंच येतात. अशा वेळीं अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील सोयगांव तालुक्यांतली एखादी मधुमेही वृद्धा डोळ्यांपुढें आणावी. शहरांत यावयाचें म्हणजे पहांटेची बस, मुलाची बुडालेली मजुरी, दिवसभर रांगेंत बसणें. आणि शेवटीं डॉक्टरांनीं कागद पाहून “हींच औषधें चालूं ठेवा” असें सांगणें. हें एवढें वाक्य ऐकण्यासाठीं सारा दिवस व पदरचे पैसे खर्चणें कोणास परवडेल? तें फोनवरून ऐकतां आलें तर तो सोयीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न ठरतो.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही योजना २०१९ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. तिच्या एका शाखेंत गांवच्या आरोग्यकेंद्रांतील अधिकारी रोग्याजवळ बसतो व पडद्यावरील डॉक्टरांशीं त्याची गांठ घालून देतो. टाळेबंदीच्या काळांत, २०२० च्या एप्रिलपासून, घरबसल्या सल्ला घेण्याची दुसरी शाखा उघडली. तत्पूर्वीं २५ मार्च २०२० रोजीं या व्यवहाराचे नियम प्रसिद्ध झाले होते. सल्ला देणारा नोंदणीकृत डॉक्टरच असला पाहिजे; सोळा वा त्याहून कमी वर्षांच्या मुलाबरोबर वडील माणूस हवें; अंमली वर्गांतील औषधें या मार्गानें देतां येत नाहींत. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, “प्रत्यक्ष येऊन भेटा” असें सांगण्याचा डॉक्टरांचा अधिकार अबाधित आहे.

या शेवटच्या नियमाचें मर्म त्याच वृद्धेच्या उदाहरणानें कळेल. तिची रक्तांतील साखर सून घरींच यंत्रानें मोजते व आंकडा फोनवर सांगते. आंकडा चांगला असतो. “पायाला कांहीं त्रास?” असें डॉक्टर विचारतात आणि वृद्धा खरेंच सांगते, “नाहीं, कांहीं दुखत नाहीं.” पण जुना मधुमेह पायांची संवेदनाच हिरावून घेतो, टांच चिरली, खडा रुतला, जखम चिघळली तरी दुखत नाहीं. प्रामाणिक उत्तर येथें दिशाभूल करतें. प्रत्यक्ष भेटींत जोडा काढावयास लावून डॉक्टर तळवा पाहतो, बोटानें दाबतो. फोन तें करीत नाहीं. सुनेनें फोनचा कॅमेरा तळपायाकडे वळविला तर जखम दिसेल, परंतु त्यासाठीं कोणीतरी तसें सुचविलें पाहिजे. आणि वेळीं न दिसलेली जखम पाय कापण्यापर्यंत जाऊं शकते.

म्हणून घरोघरीं थोडी शिस्त बाळगावी. बोलण्यापूर्वीं तक्रारी, चालूं औषधांचीं नांवें, साखरेचे व रक्तदाबाचे आंकडे कागदावर लिहून ठेवावे. उजेडांत बसावें. रोग्यास स्वतः बोलूं द्यावें; मुलानें मधेंच उत्तर देऊं नये. मधुमेही माणसाचे पाय रोज पाहावे आणि वर्षांतून एकदां तरी ते डॉक्टरांच्या हातांखालून जावे. छातींत कळ, अकस्मात् लुळा पडलेला हात, सर्पदंश, श्वास कोंडणें अशा वेळीं फोनवर सल्ला मागत बसूं नये. त्याच फोनवरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांचा शब्द आज डोंगर ओलांडून सोयगांवच्या ओसरीवर पोंचतो, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचा हात मात्र अजून पोंचत नाहीं. शब्द केव्हां पुरेसा आणि हात केव्हां हवाच, एवढा विवेक ज्या घरांत असेल, त्या घरांत हें यंत्र खरोखर उपयोगीं पडेल.