गल्ला वेगळा, घर वेगळे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधी खर्चायची, मग थंडीवाऱ्यात राबून फेडायची. या फेऱ्यातून सुटण्यासाठी आपली पोरं चहाची टपरी, पंक्चरचं दुकान टाकतात. त्यांच्या हिंमतीचे आम्हाला कौतुक आहे. पण वर्षभरात काही टपऱ्यांना कुलूप लागते. ते का, याचा विचार आज करू.

पहिले कारण भांडवल. सावकाराचे शेकडा पाच रुपये महिना व्याज म्हणजे वर्षाला ६० टक्के. १० हजारांवर दरमहा ५०० रुपये नुसते व्याजच!

दुसरे कारण जात. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत, तिथे आपल्या खानावळीची काय कथा! म्हणून दुकान वस्तीच्या कोपऱ्यात न टाकता एस.टी. स्टँड, बाजार, कचेरी अशा रहदारीच्या जागी टाकावे. तिथे चोख माल आणि रास्त भाव बोलतो.

तिसरे कारण मात्र आपल्याच हातात आहे, ते म्हणजे हिशेब. समजा, दिवसाची विक्री १००० रुपये. माल, गॅस, भाडे मिळून ७०० गेले, राहिले ३००. घरात पाहुणा आला आणि गल्ल्यातून ५०० उचलले, तर उद्याच्या मालाचे २०० खाल्ले! उधारीचेही तसेच. २०० रुपये बुडाले, तर ते नफ्यातून भरून काढायला साडेसहाशेच्या वर विक्री करावी लागते. उधारी मागायला लाज कसली?

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. गरिबाला हे माप जसेच्या तसे झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळू द्यायचा नाही, ही शिस्त गरिबालाही पाळता येते.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली निघाले. २०१५ साली मुद्रा योजना आली; तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज आहे. बँकेत खेटे घालावे लागतात, खरे आहे. पण हातात रोजची वही असली की साहेबासमोर मान वर करून बोलता येते.

आपल्या माय-बहिणी बचत गटात पै-पैचा हिशेब ठेवतात. त्यांनाच गुरू करू या. दर रविवारी वंदनेनंतर इथेच तासभर हिशेबाचा वर्ग भरवावा, अशी आमची विनंती आहे. वही पोरांनी आणावी. ज्या घरात ती नेमाने लिहिली जाईल, त्या घराला उद्या मुकादमाच्या दारात जाण्याची पाळी येऊ नये, हीच मंगल कामना.

जय भीम! जय भारत!