कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे

मूल, ब्रह्मपुरी, बल्लारपूर, गडचिरोली. कुठेही विचारा, पोरगं कुठं शिकतं? उत्तर येतं, ‘कॉन्व्हेंटला.’ शाळा कुणाच्या का मंडळाची असेना, फाटकावर सरस्वतीचं चित्र का असेना, विदर्भात टाय लावून जाणाऱ्या चार वर्षांच्या पोराची शाळा ही कॉन्व्हेंटच. दुसरा शब्द ‘सिस्टर’. तो सरकारी दवाखान्यात सलाइन लावणाऱ्या नर्सबाईंकडे गेला. हे दोन्ही शब्द ज्या घरातून बाहेर पडले त्या घरात काय चालतं, ते मात्र रोज फाटकापर्यंत जाणाऱ्या पालकांनाही सांगता येत नाही. आज मिळालेल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे. कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे, ते सिस्टरांचं घर आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणं.

या भागात ते घर कसं आलं? १९६२ साली रोमने केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे चांदा जिल्ह्याचा प्रदेश सोपवला. आपल्या मुलखाबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. जबाबदारी आली सीएमआय म्हणजे कार्मेली संघाच्या फादरांवर. १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांत झाला, जान्युअरियस पालाथुरुथी पहिले बिशप झाले. मुख्य चर्च बल्लारपूरला, संत थॉमसच्या नावाचं. चांद्याचं चंद्रपूर १९६४ मध्ये झालं, गडचिरोली १९८२ मध्ये वेगळी निघाली, पण धर्मप्रांत आजही ‘चांदा’च आहे. जुनी माणसं म्हणतात तसं.

रेल्वेने बल्लारशाहला उतरलेल्या त्या पहिल्या पिढीला इथे एक गोष्ट ओळखीची वाटली असेल, ती म्हणजे धानाची बांधी. आपण पऱ्हे म्हणतो, त्यांच्याकडे ‘ञारु’ म्हणतात. रोप तेच, चिखलही तोच.

तर मग धानाचंच घेऊ. आपल्याकडे दोन पद्धती. एक आवत्या: बी फेकलं, उगवेल तिथे उगवेल. दुसरी रोवणी. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, तीन-चार आठवडे सांभाळायचे, मग उपटून, जुड्या बांधून दुसऱ्या बांधीत लावायचे. लोकांना वाटतं, मठात जाण्याचं पाचारण हा आवत्याचा प्रकार आहे. एखाद्या मुलीला देवाची हाक आली, ती उठली आणि जंगलातल्या दवाखान्यात जाऊन बसली. तसं होत नाही. पाचारण ही रोवणी आहे. उमेदवारीचा काळ असतो, त्यानंतर नवशिक्षेचा. नवशिक्षा किमान बारा महिन्यांची, हा चर्चचा कायदा. आणि त्या काळात नवशिक्षितेला तिच्या घडणीशी संबंध नसलेल्या अभ्यासात वा कामात जुंपायचं नाही, हाही कायदाच. म्हणजे जी बाई पुढे आयुष्यभर शाळा नाही तर दवाखाना चालवणार, तिचं नवशिक्षेचं वर्ष शाळेविना आणि दवाखान्याविना जातं. ती राहायला शिकते. चार जणींच्या घंटेवर उठायला, चार जणींच्या ताटात जेवायला.

पुढे तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षं, मग कायमची. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. ऐकणारा लगेच हळहळतो: बिचारीनं काय काय सोडलं! अहो, बांधीला पारी कशासाठी घालतात? जमीन कैदेत टाकायला? पार असते पाणी धरून ठेवायला. पार फुटली की पाणी नाल्याला गेलं आणि रोवणी पिवळी पडली.

आणि रोवणी करणारी बाई काडी एकेकटी लावत नाही. दोन-तीन काड्या मिळून चिमटीत धरते आणि चिखलात खोचते. कृषी सहायक म्हणतील, श्री पद्धतीत एकच रोप लावतात. बरोबर आहे. पण पंचवीस सेंटिमीटरवर दुसरं असतंच ना? एकट्या रोपाची बांधी कुणी पाहिलीय?

पुन्हा तेच सांगतो, कारण हे निसटतं: काम नंतरचं, घर आधीचं.

चंद्रपूरच्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. तीन शरणांतलं तिसरं शरण संघाला आहे. एकट्या साधूला नाही. आनंदवन, हेमलकसा याच मातीतले. सेवा म्हणजे काय, हे इथे कुणी शिकवायला नको. अडचण तिथेच होते. सेवा आपल्याला इतकी चटकन दिसते की सिस्टरांनाही आपण त्याच रजिस्टरमध्ये नोंदवून टाकतो. किती पोरं शिकली, किती बाळंतपणं झाली. सायंकाळी सहानंतर त्या कुठे असतात, हे आपण विचारत नाही.

सहानंतर एक घंटा होते. तपासायच्या वह्या व्हरांड्यातल्या टेबलावर तशाच उघड्या, लाल पेनला टोपण नाही. स्वयंपाकघरात एक जण गॅस बारीक करते. दुसरी दवाखान्याला कुलूप लावून, हात पुसत येते. चपला चॅपेलच्या दाराशी. मग रम्शा, म्हणजे सायंप्रार्थना. शब्द सिरियाक भाषेतला. या परंपरेत प्रार्थनेचा दिवसच संध्याकाळी सुरू होतो. आपला दिवस संपतो तेव्हा त्यांचा उजाडतो. नंतर जेवण, एकाच टेबलावर. सकाळी जिच्याशी चाव्यांवरून खटका उडाला, वरणाची वाटी तिच्याच हातून घ्यायची असते. उपास जमतो, जागरण जमतं. ही वाटी घेणं अवघड.

कार्मेली परंपरेला हा ताण जुना आहे. पालक्कल आणि पोरुकरा या दोघा थोमा नावाच्या पाद्र्यांना खरं तर एकांतात तपाला बसायचं होतं. बिशप स्टाबिलिनींनी विचारलं की तुमच्यासारखेच रानात गेले तर लोकांना शिकवायचं कुणी? त्यातून ११ मे १८३१ ला केरळातल्या मन्नानम इथे मठाचा पाया घातला गेला. सोबत कुरियाकोस एलियास चावरा होते, ज्यांना पोप फ्रान्सिस यांनी २३ नोव्हेंबर २०१४ रोजी संत घोषित केलं. चावरांनी शाळा काढल्या, छापखाना काढला. पण शाळा काढायला आधी मठ होता, हा क्रम ध्यानात घ्यावा. केरळात बायकांचा पहिला कार्मेली मठ १८६६ चा, कुनम्माव गावी. बांबूच्या तट्ट्यांचा! गडचिरोलीकरांना त्याचं चित्र वेगळं काढून दाखवायला नको.

त्याही मागे गेलं तर आविलाची संत तेरेसा, सोळाव्या शतकातली. तिने आत्मचरित्रात प्रार्थनेच्या पायऱ्या बागेला पाणी देण्याच्या चार तऱ्हांनी समजावल्या आहेत. विहिरीतून हाताने ओढून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि पावसाने. वर जावं तसे माळ्याचे कष्ट कमी. आपल्याकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे एका वाचनात कळेल. तलाव गावाचा असतो, त्याची पाळ सगळ्यांनी मिळून राखायची असते, हे तेरेसाच्या बागेत नाही. ते इथलं. या मुद्द्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं.

वेळ थोडा उरला. पूर्वी पऱ्हे केरळातून यायचे. आता तिथली कुटुंबं लहान झाली, एक-दोन लेकरं. मुली परदेशी नर्सिंगला जातात, आणि मठाकडे येणाऱ्या कमी झाल्या. म्हणजे नर्सरी इथेच टाकावी लागणार. चावरांच्या वेळी केरळात ‘पिडियरी’ होती. रोज भात शिजत घालताना घरच्या बाईनं एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, त्यावर शाळेतल्या गरीब पोरांचं जेवण चालायचं. अशी मूठ धानोरा-एटापल्लीकडच्या घरातूनही निघेल. पण मूठभर तांदूळ देणं वेगळं, मुलगी देणं वेगळं. तिच्या आईला काय सांगायचं? लेक शाळेत नोकरीला लागली, असं? तेच चुकतं. आणि ही मुलगी सायंप्रार्थना म्हणेल ती कुठल्या भाषेत? मल्याळम तिची नाही, मराठी तिला शाळेने दिली, माडिया...

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट वर झालं आहे. माडियाचं राहिलं.